शाळेआधीची सिरियलची वाटी

नाशिकहून एका आईनं विचारलं आहे: मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. शाळेची व्हॅन सव्वासातला येते. उठल्यावर काही खायला तयार नसतो, पण चॉकलेट सिरियल दुधात घालून दिलं की वाटी चाटूनपुसून संपवतो. पाकिटावर लोह आणि जीवनसत्त्वं लिहिलेली आहेत, म्हणजे पोषण होतंय ना? सासूबाई म्हणतात, हे बंद कर आणि पोहे-उपमा दे. बरोबर कोणाचं? आणि तीन वर्षांची धाकटीही आता तेच मागते, तिला द्यावं का?

ताई, बावीस वर्षं मी मुलांच्या आहाराचं काम करते आहे आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतोच. आधी उत्तर सांगते. रोजचा नाश्ता म्हणून चॉकलेट सिरियल नको. पण उद्या सकाळी पाकीट फेकूनही देऊ नका, कारण त्याची जागा चहा-बिस्किटानं घेतली तर मुलाचं नुकसानच होईल. सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, मात्र पोह्यांत काय काय पडतं त्यावर ते अवलंबून आहे.

सगळ्यात आधी एक काम करा. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर त्यावर रिकामी वाटी ठेवा आणि मुलाला नेहमीसारखं सिरियल ओतू द्या, दूध न घालता. आकडा बघा. पाकिटावरचा सगळा हिशोब एका वेळेला ३० ग्रॅम धरून केलेला असतो. ३० ग्रॅम म्हणजे मोठ्या वाटीचा तळ जेमतेम झाकतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं, तीही तिसरीतलीच, माझ्यासमोर वाटी भरली तेव्हा काट्यावर ५४ ग्रॅम आले. आईला वाटत होतं की ती 'थोडंसंच' खाते. ती माउली खोटं बोलत नव्हती. सिरियल फुगीर असतं, डोळ्यांना त्याचं वजन कळतच नाही.

२०११ साली अमेरिकेत हेच मोजून पाहिलं गेलं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांपैकी काहींना जास्त साखरेची सिरियल्स दिली, काहींना कमी साखरेची, आणि हवं तेवढं घ्या म्हणून सांगितलं. गोड सिरियल मिळालेल्या मुलांनी सरासरी ६१ ग्रॅम खाल्लं, दुसऱ्या गटानं ३५ च्या आसपास. कमी साखरेच्या गटासमोर साखरही ठेवलेली होती आणि मुलांनी वरून साखर घेतलीही, तरी त्यांच्या पोटात गेलेली एकूण साखर जवळपास निम्मीच होती. नाश्ता आवडला का असं विचारल्यावर दोन्ही गट 'आवडला' म्हणाले. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

आता साखरेचा हिशोब. बऱ्याच चॉकलेट सिरियल्समध्ये १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तुमच्या पाकिटावरचा आकडा तुम्ही स्वतः वाचा, मी ३० धरून चालते. म्हणजे ५४ ग्रॅमच्या वाटीत १६ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज आपल्याकडे १७०० किलोकॅलरी धरतात. त्याचे ५ टक्के म्हणजे ८५ किलोकॅलरी, म्हणजेच २१ ग्रॅम साखर. यातली १६ ग्रॅम वाटीतच गेली. दुधात वर दोन चमचे चॉकलेट पावडर पडत असेल, तर त्या पावडरीतही बहुतेक वेळा तिसरा हिस्सा साखरच असते. व्हॅन दारात यायच्या आत दिवसभराची साखर संपलेली असते. त्यानंतर डब्यातला जॅम, वाढदिवसाचं चॉकलेट, संध्याकाळचं बिस्कीट हे सगळं त्याच्यावर.

पाकिटाच्या मागे शेजारच्या रकान्यात टक्केवारी दिलेली असते. तिथे एक गोष्ट पालकांच्या नजरेतून हमखास सुटते. ही टक्केवारी मोठ्या माणसाच्या २००० किलोकॅलरी धरून काढलेली असते आणि तिच्यात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅम धरलेली असते. त्यामुळे ३० ग्रॅम सिरियलमधली ९ ग्रॅम साखर तिथे '१८ टक्के' अशी दिसते. तुमच्या मुलाच्या २१ ग्रॅमशी ताडून बघा, ती ४३ टक्के होते. नियम मोडून कोणी काही लिहिलेलं नसतं, पण आठ वर्षांच्या मुलासाठी तो आकडा तसाच वाचायचा नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, तीही पाहा. साखर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असेल आणि खाली ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध अशी नावंही असतील, तर ती सगळी एकाच कुटुंबातली समजा.

लोह आणि जीवनसत्त्वांचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. ती असतात, खोटी नाहीत. धान्य शिजवून, लाटून किंवा साच्यातून दाबून भाजलं की मुळातली बरीचशी जीवनसत्त्वं जातात, म्हणून ती नंतर वरून घालतात. लोह बऱ्याचदा अगदी बारीक भुकटीच्या रूपात मिसळलेलं असतं. एका शाळेत पाचवीच्या मुलींना मी हे करून दाखवलं होतं. सिरियल पिशवीत घालून चुरलं, त्यात पाणी ओतलं, आणि जोरकस लोहचुंबक पिशवीला बाहेरून लावून हळूहळू फिरवलं. थोड्या वेळानं चुंबकाच्या टोकाशी करड्या-काळ्या भुकटीची बारीक रेघ जमली. मुली चुंबक हलवतील तशी ती मागोमाग सरकत होती. वर्ग अगदी चिडीचूप. एकीनं विचारलं, "मॅडम, हे पोटात विरघळतं?" फार नेमका प्रश्न होता. विरघळतं, पण सगळं नाही. अशा भुकटीतलं लोह शरीराला कमी लागू पडतं. त्याच वेळी 'क' जीवनसत्त्वाचं काही खाल्लं, म्हणजे पेरू, संत्रं, आवळा, लिंबू, तर बरं शोषलं जातं. चहा किंवा दूध बरोबर असेल तर कमी. आणि सिरियल आपण दुधातच खातो.

म्हणजे पाकिटातल्या लोहाचा उपयोग शून्य नाही. आपल्या मुलांना लोहाची गरजही मोठी आहे. २०१६ ते १८ दरम्यान देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये जवळपास चौथा हिस्सा रक्तक्षयाचा निघाला होता. पण लोहासाठी साखर विकत घेणं हा महागडा सौदा आहे. मुलगा लवकर दमत असेल, फिकट दिसत असेल, खडू-माती खात असेल, तर पाकिटावर भिस्त न ठेवता डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाच ते अकरा वर्षांत ते ११.५ च्या खाली गेलं तर उपचार लागतात. सरकारी शाळांमध्ये आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी याचसाठी आहे. तुमच्या शाळेत ती मिळत असेल तर मुलाला चुकवू देऊ नका. जंताचं औषधही तसंच.

काही पालक परदेशातले अभ्यास माझ्यासमोर ठेवतात. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या पाहण्यांमध्ये सिरियल खाणाऱ्या मुलांच्या आहारात ब जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम जास्त आढळलं आहे, हे खरं आहे. पण का आढळलं ते पाहायला हवं. एक तर ती तत्त्वं सिरियलमध्ये घातलेलीच असतात, मग ती आहारात दिसणारच. दुसरं म्हणजे सिरियलबरोबर दूध जातं. तिसरं, यांच्याशी तुलना होते त्यातली पुष्कळ मुलं सकाळी उपाशीच शाळेत जाणारी असतात, आणि उपाशी मुलापेक्षा काहीही खाणारं मूल पुढेच असणार. यातल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा सिरियल उद्योगाकडूनच आलेला आहे. तेवढ्यानं ते खोटे ठरत नाहीत, पण प्रश्न कोणी आणि कसा विचारला हे वाचताना ध्यानात ठेवावं लागतं. आपल्या घरातला प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे सिरियल पोह्यांची जागा घेतं, नाहीतर चहा-खारीची.

आणि इथेच मी सासूबाई आणि सूनबाई दोघींना थोडं थांबवते. चहात बुडवलेली खारी, टोस्ट, बटर किंवा क्रीमचं बिस्कीट हा महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांचा सकाळचा नाश्ता आहे. त्यात मैदा, साखर, तेल-तूप आणि लोह अडवणारा चहा. प्रथिनं नावाला. त्याच्याशी तुलना केली तर दुधातलं साधं, कमी साखरेचं सिरियल कितीतरी बरं. म्हणून एखाद्या घरी सकाळी फक्त चहा-बिस्कीटच मिळत असेल, तर मी साध्या कॉर्नफ्लेक्सना नाही म्हणत नाही.

खरं सांगायचं तर त्या वाटीतलं निम्म्याहून जास्त काम दूध करतं. सव्वाशे मिली दुधातून साधारण ४ ग्रॅम प्रथिनं आणि दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तुमच्या मुलाची दिवसाची गरज २३ ग्रॅम प्रथिनं आणि ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. सिरियल स्वतः प्रथिनं देतं ती दोन-अडीच ग्रॅम. २०२२ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात केलॉग्जनं बाजू मांडली होती की आमची सिरियल्स लोक दुधाबरोबर खातात, तेव्हा त्यांची साखर जोखताना दूधही धरा. न्यायालयानं ते मानलं नाही. पाकिटात जे आहे त्याचीच गुणवत्ता मोजायची, हे मलाही पटतं. दूध चांगलं आहे याचं श्रेय दुधाचं. मुलगा दूध वाटीत ठेवून फक्त कुरकुरीत तुकडे वेचून खात असेल, तर तो नाश्ता गोड फराळाच्या बरोबरीचा झाला, हे मात्र तपासा.

आता पोहे. आपल्याकडे 'पोह्यांत भरपूर लोह' हे वाक्य इतक्यांदा म्हटलं जातं की कोणी तपासत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात पोह्यांत १०० ग्रॅमला २० मिलिग्रॅम लोह दिलेलं होतं. २०१७ च्या नव्या तक्त्यात तेच साडेचारच्या आसपास आहे. जुना आकडा मनात ठेवून पोह्यांवर विसंबू नका. प्रथिनांचंही तसंच: मुलाच्या बशीत जाणाऱ्या ४० ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिनं ३ ग्रॅम. कांदा नको म्हणून काढलेला, शेंगदाणे नको म्हणून वेचलेले, वर बटाट्याच्या फोडी आणि चिमूटभर साखर, असे पोहे म्हणजे नुसता स्टार्च. मग साडेदहाला पोटात खड्डा पडतो आणि आई म्हणते, "पोहे खाऊन गेला होता तरी वर्गात डुलक्या काढतो."

तेच पोहे मूठभर, म्हणजे २० ग्रॅम, शेंगदाण्यांसह केले की आणखी ५ ग्रॅम प्रथिनं येतात. मोड आलेली मटकी किंवा वाटाणे घातले, वरून लिंबू पिळलं, बरोबर अर्धा कप दूध दिलं, तर तो नाश्ता कुठल्याही पाकिटाला भारी आहे. उपम्याचं तसंच, भाज्या आणि डाळ-दाणे घालून. तमिळनाडू सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली, तेव्हा तिथे उपमा, खिचडी, पोंगल आणि भाज्यांचं सांबार हेच ठेवलं. सांबार महत्त्वाचं, कारण डाळ आणि भाजी तिथून येते.

पण तुमची अडचण पदार्थाची कमी आणि घड्याळाची जास्त आहे, असं मला वाटतं. आठ वर्षांचं मूल सव्वासहाला उठवलं, तासाभरात व्हॅनमध्ये बसवलं, तर त्याला भूक लागणार कधी? रात्रीचं जेवण साडेनऊला झालेलं असेल तर आणखीच नाही. मग झोपेतच गिळता येईल असं गोड-मऊ काहीतरी त्याला चालतं, आणि आपण म्हणतो याला तेवढंच आवडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं ते मुलांच्या झोपेसाठीच. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना ते अवघड जातं, हे मी पाहते आहे. तरी पालकसभेत हा विषय काढा, मुलाच्या पोटाशी त्याचा थेट संबंध आहे.

शाळेची वेळ बदलेपर्यंत नाश्ता दोन भागांत करा. घरी फक्त एक कप दूध आणि केळं किंवा दोन खजूर, किंवा शेंगदाण्याचा लाडू. उरलेला नाश्ता छोट्या सुट्टीच्या डब्यात: थालीपिठाचे तुकडे, मुगाचं धिरडं, दाण्याची चटणी लावून पोळीची गुंडाळी, उकडलेलं अंडं चालत असेल तर अंडं. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते रात्रीच उकडून ठेवता येतं. रात्रीचं जेवण आठच्या आत आणा. पुष्कळ घरांत फक्त एवढ्या बदलानं मुलं सकाळी स्वतःहून खायला मागू लागलेली मी पाहिली आहेत. नऊच्या सुट्टीतला डबा रिकामा येतो का, त्यावर आठवडाभर लक्ष ठेवा.

सिरियल सोडवायचं कसं? हळूहळू. पहिल्या आठवड्यात डब्यात तीन भाग चॉकलेटचं आणि एक भाग साधे कॉर्नफ्लेक्स किंवा ज्वारीच्या लाह्या मिसळून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात अर्धे-अर्धे, तिसऱ्यात एक भाग चॉकलेट, चौथ्यात चॉकलेट फक्त रविवारी. वाटी लहान घ्या. वरून केळ्याच्या चकत्या, सफरचंद, दाण्याचा भरड कूट मुलाच्या हातानं घालू द्या. गोड हवंच असेल तर चमचाभर साखर किंवा गूळ तुमच्यासमोर घालू द्या, कारण एका चमच्यात ४-५ ग्रॅमच बसतात. मघाशी सांगितलेला अमेरिकेतला अभ्यास इथे आठवा. कमी गोड दिल्यावर तिथल्या निम्म्याहून जास्त मुलांनी वाटीत फळ घातलं, गोड सिरियलच्या गटात तसं करणारी मुलं फारच थोडी होती.

लाह्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मला त्या मनापासून आवडतात आणि शहरातल्या घरांतून त्या नागपंचमी-गोकुळाष्टमीपुरत्याच उरल्या आहेत. गोपाळकाल्यात आपण ज्या घालतो त्याच ज्वारीच्या लाह्या. गरम दुधात घातल्या की मऊ होतात, थंड दुधात थोडा वेळ कुरकुरीत राहतात. साखर नाही, मीठ नाही, अख्खं धान्य. पातळ पोहे दुधात भिजवून वर गूळ घातला तरी तेच काम होतं. नाचणीच्या पिठाची दुधातली खीर तर उत्तमच, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मात्र बाजारातल्या तयार 'नाचणी फ्लेक्स' किंवा 'मल्टिग्रेन' पाकिटाला हा न्याय लावू नका. नाव नाचणीचं असलं तरी यादीत तांदूळ-मका आधी आणि साखर तिसरी, असं कितीतरी वेळा आढळतं. मध घातलेली ग्रॅनोला-म्युसलीही याच तराजूत तोला. साधे ओट्स चालतात.

सासूबाईंना घरात हे सांगताना एक करा: त्यांनाच दाणे घातलेल्या पोह्यांचा आणि धिरड्यांचा वार ठरवून द्या. नाश्त्यावरून दोन मोठी माणसं मुलासमोर भांडू लागली की मूल खाणं हे हत्यार म्हणून वापरायला शिकतं. मी अशी घरं पाहिली आहेत, आणि तिथे पदार्थ बदलून काही उपयोग होत नाही.

आता धाकटी. तीन वर्षांच्या मुलीला चॉकलेट सिरियल रोज देऊ नका, तिची जीभ आत्ता घडते आहे. दादा खातो तेव्हा तिलाही हवं होणार, म्हणून महिनाभर दोघांना एकाच प्रकारची वाटी द्या: लाह्या किंवा पोहे, दूध, कुस्करलेलं केळं. तिच्या वाटीत अख्खे शेंगदाणे घालू नका, पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात ते अडकतात. बारीक कूटच घाला आणि बसवून खाऊ घाला. तिलाही चॉकलेट दूध रोज मिळत असेल तर आधी पावडर निम्मी करा, पंधरा दिवसांनी बंद. दूध पांढरं पिणार नाही म्हणाली तर दही-भात द्या, किंवा दुधात भिजवलेली पोळी कुस्करून. तिच्या वयाला दोन खाण्यांमध्ये दोन-तीन तासांचं अंतर पुरतं, त्यामुळे सकाळी वाटी संपलीच पाहिजे असा हट्ट तिच्याबाबत धरू नका.